वारणेच्या तहातले एक कलम



सकाळी चहाच्या वेळी सैनिक टाकळीच्या आपल्या एका फौजी मित्राने मला गाठले. "नाटोतल्या एखाद्या देशातच यादवी पेटली, तर बाकीच्यांनी फौज कुणाच्या बाजूने पाठवायची?" १९४९ च्या त्या करारात एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा, असे आहे. घरातच जुंपली तर एकत्र बसून बोला, यापलीकडे फारसे काही नाही.

आपण शिरोळकरांनी उत्तर शोधायला लांब जायला नको. पलीकडे हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. १७३१ मध्ये सातारचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज यांनी ही वारणा हद्द ठरवली. तो तह आपण परीक्षेपुरता पाठ केला. मला त्यात हद्दीपेक्षा एक कलम मोलाचे वाटते : एकाच्या चाकराला दुसऱ्याने चाकरीस ठेवायचे नाही. म्हणजे तुमच्या घरातून रुसून आलेल्याच्या हाती मी तलवार द्यायची नाही.

१७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि पुढे राघोबादादा इंग्रजांकडे गेले. शिंदे-होळकर आधी डळमळले. आपले कोल्हापूर तर दादांकडेच झुकले होते, हे आपण सोयीने विसरतो! पण अखेर महादजी आणि तुकोजी बारभाईंच्या मागे उभे राहिले, तान्ह्या सवाई माधवरावांची गादी त्यांनी मानली. १७८२ ला सालबाईच्या तहात इंग्रजांना दादांचा पक्ष सोडावा लागला. माझे मत विचाराल तर क्रम हाच. आधी बाहेरच्याची वाट बंद करा, गादी कुणाची ते मिळून ठरवा, फौजेचे नंतर बघू.

पुढच्या पिढीने क्रम उलटा केला. १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावांनी विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिले. दौलतराव शिंद्यांनी मध्यस्थ व्हायचे, ते पक्षकार झाले. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला यशवंतराव होळकर जिंकले, बाजीराव वसईला पळाले आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह करून मोकळे झाले. १८०३ ला असईवर शिंदे-भोसले लढले, होळकर आले नाहीत. एप्रिल १८०४ मध्ये इंग्रज होळकरांवर उठले, तेव्हा शिंद्यांनी तहावर सही करून जेमतेम चार महिने झाले होते.