कौतुकाची बातमी लिहिताना

पत्रकारितेची पदवी घेऊन आज बाहेर पडणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

द्वेष पसरवणारी बातमी तुम्हाला ओळखता येते. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातच्या परदेशी सदस्यांवरचे कोरोनाकाळातले गुन्हे रद्द केले आणि माध्यमांतल्या अपप्रचारावर ताशेरे ओढले. तो निकाल तुम्ही वाचला असेल. मला बोलायचंय ते चांगल्या मनाने लिहिलेल्या बातमीबद्दल, कारण तुम्ही बहुतेक जण तीच लिहिणार आहात.

सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडीत मशिदीत गणपती बसतो. चाळीसहून अधिक वर्षं गावाने ही रीत निभावली आहे आणि ती सुंदरच आहे. गणेशोत्सव आला की आपले कॅमेरे तिथे पोहोचतात. बकरी ईद त्याच दिवसांत आली आणि मुसलमानांनी कुर्बानी टाळली, तर मथळा आणखी मोठा होतो. पण हा वाळवा तालुका उसाचा. ऊसदराचं आंदोलन पेटतं तेव्हा तिथल्या मुसलमान शेतकऱ्यापुढे कोण माईक धरतं? आपल्याला तो हवा असतो एकोप्याचा दाखला म्हणून. त्याच्या हिंदू शेजाऱ्याकडे असा दाखला आपण कधीच मागत नाही. कौतुकाच्या आड ही मागणी उभी असते, आणि ज्याच्याकडे ती होते त्याला ती बरोबर कळते.

भाषेचंही तेच. चिपळूण-दापोलीकडच्या कितीतरी मुसलमान घरांत कोकणी बोलतात. पुरात घर गेलेली बाई सांगते, ‘पाणी माळ्यापर्यंत आलं, रेशनकार्डसुद्धा वाचलं नाही.’ छापताना तिच्या तोंडी हिंदी घातली जाते, का तर अस्सल वाटावी. एका फटक्यात ती तिच्याच गावात परकी होते. याच चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई मराठीचे कथा-कादंबरीकार, ‘इंधन’ त्यांचीच. सुधारक म्हणून ते मोठे होतेच, पण त्यांच्यातला मराठी लेखक आपल्या पानांतून जवळजवळ पुसला गेला. मला याचं फार वाईट वाटतं.

फोटोंबद्दल एवढंच सांगतो: शिष्यवृत्तीची बातमी असो की घरकुलाची, जाळीदार टोपी नाहीतर पाठमोरा बुरखा. चेहरा नाहीच.

उद्या तुम्ही डेस्कवर बसाल, जिल्ह्यांत फिराल. मालेगावला पोलीस बंदोबस्त नसतानाही जा. यंत्रमागवाल्याला सुताचा भाव विचारा, विजेचं बिल बघायला मागा, कारागिराला आठवड्याला किती हातात पडतात ते लिहून घ्या. त्याचं पूर्ण नाव छापा, धंदा छापा, समोरून काढलेला फोटो छापा. बातमीशी धर्माचा संबंध नसेल, तर धर्म लिहू नका.