मुलांच्या हाती पैसा
(कुरुंदा येथे पालकांसमोर केलेले भाषण)



मुलांना बचत शिकवा, असे आपण नेहमी ऐकतो. म्हणून घरी मातीचा गल्ला आणतो आणि दिवाळीला तो फोडून त्यातील पैसे आपणच घरखर्चात मिसळतो! मुलाला त्यातून साठविणे तेवढे कळते, खर्च करणे कळत नाही. वास्तविक अवघड विद्या तीच आहे. दोन गोष्टी समोर असता एकीचा मोह सोडून दुसरी घेणे, हे गल्ला शिकवीत नाही.

ते शिकविण्याचे उत्तम साधन आपल्या शिवारातच आहे. हळद जूनच्या सुमारास लागते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. शिजवून, वाळवून, पॉलिश करून ती वसमतच्या बाजारात पोहोचेपर्यंत उन्हाळा येतो. एकदाच आलेला पैसा पुढे वर्षभर पुरवावा लागतो. नोकरदाराच्या मुलाला महिन्याचे गणित पुरते. आपल्या मुलाला वर्षाचे आले पाहिजे. आडत्याची पट्टी घरी येईल, त्या दिवशी आठ-दहा वर्षांच्या मुलाला जवळ बसवावे. खत किती, मजुरी किती, पीककर्जाची परतफेड किती आणि उरले किती, हे त्याच्याच हाताने वहीत लिहवून घ्यावे. मग बेण्यासाठी निवडून ठेवलेले गड्डे दाखवावेत. भाव कितीही चढला तरी ते आपण विकत नाही. का, हे त्यालाच विचारावे.

एवढ्या कोवळ्या वयात संसाराची काळजी कशाला, असे काहीजण म्हणतील. मला हे पटत नाही. जुलै २०२२ मध्ये गावात पुराचे पाणी घराघरांत शिरले, ते मुलांनीही पाहिले. अडचण त्यांच्यापासून लपत नाही; लपतो तो हिशोब. मग वडील सायकल घेत नाहीत, त्याचा अर्थ मूल आपल्या परीने लावते, आणि तो बहुधा चुकीचा असतो.

महाशिवरात्रीला औंढ्याच्या यात्रेत मुलाला ठरावीक रक्कम द्यावी आणि निवड त्याच्यावर सोडावी. खेळणे संध्याकाळपर्यंत मोडले तर रागावू नये. पण दुसरे घेऊनही देऊ नये. येथे आईचे मन द्रवते आणि धडा तिथेच संपतो.

मोबाईलवरून दिलेला पैसा मुलाला दिसत नाही, हे आजचे मोठे संकट. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. परंतु वडिलांच्या फोनचा पिन मुलाला पाठ असेल, तर कायदा काय करणार? लहानांचे व्यवहार रोखीनेच व्हावेत. दहा वर्षांवरील मुलांना स्वतः बचत खाते चालविण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये दिली आहे. तिचा लाभ घ्यावा, पैसे भरण्याची स्लिप मुलानेच लिहावी.

आणि एक विनंती आजी-आजोबांना. नातवाच्या मुठीत गुपचूप नोट कोंबण्याची आपली हौस मला ठाऊक आहे. नोट जरूर द्या. फक्त त्याच्या वहीत ती जमा करायला सांगा.