शस्त्रक्रियेनंतरचा कणा



सेरेब्रल पाल्सी म्हणजे जन्माआधी, जन्मताना अथवा बालवयात मेंदूला झालेली इजा. ही इजा वाढत नाही; परंतु मेंदूचे नियंत्रण दुबळे पडल्याने अनेक बालकांचे पाय ताठर होतात व टाचा भूमीस टेकत नाहीत. हा ताठरपणा उतरविण्यासाठी निवडक बालकांवर ‘सिलेक्टिव्ह डॉर्सल ऱ्हायझोटॉमी’ करतात. स्नायूंकडून मज्जारज्जूकडे संवेदना नेणाऱ्या तंतूंपैकी काही तंतू विद्युत-चाचणी घेऊन छेदले जातात.

तेथवर पोहोचण्यासाठी मणक्यांची मागील कमान उघडावी लागते. डॉ. वॉरविक पीकॉक यांनी १९८०च्या दशकात केप टाऊन येथे रूढ केलेल्या पद्धतीत कमरेचे अनेक मणके उघडले जात. तेथील ३० रुग्णांची १७ ते २६ वर्षांनंतर तपासणी झाली, तेव्हा निम्म्याहून अधिकांचा कणा एका बाजूस वाकलेला आढळला. बहुतेकांची वक्रता सौम्य होती. शिवाय या व्याधीत शस्त्रक्रियेविनाही कणा वाकतो. म्हणून सारा दोष शस्त्रक्रियेस देणे न्याय्य नव्हे. पुढे अमेरिकेतील सेंट लुईस येथे डॉ. टी. एस. पार्क यांनी केवळ एका पातळीवर कमान उघडण्याची पद्धत प्रचलित केली.

बोध एवढाच की, पाय मोकळे झाले म्हणजे उपचार संपले नाहीत. मूल उंच होते, तसा कणाही बदलतो. एक खांदा वर दिसणे, कमरेचा बाक वाढणे, उभे राहताना पाठ दुखणे, पायात कळ अथवा बधिरता येणे, लघवीवरील ताबा सुटणे, यांपैकी काहीही दिसल्यास विनाविलंब तज्ज्ञांकडे जावे. लक्षण नसले तरी डॉक्टर सांगतील त्या अंतराने तपासणी व नियमित व्यायाम चुकवू नये.

तळेरे येथून कोल्हापूर गाठायचे तर घाट चढावा लागतो. मुंबई तर त्याहून दूर. शस्त्रक्रियेसाठी समाज उदार हस्ते देणगी देतो. मात्र पाच वर्षांनंतरच्या एका एक्स-रेसाठी, एका दिवसाच्या बुडालेल्या मजुरीसाठी कोणी पावती फाडीत नाही. मग मातापिता तपासणी पुढे ढकलतात आणि कणा मात्र थांबत नाही. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विमा योजनेत अशा व्यक्तींना वार्षिक १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. अर्ज भरून देणे हेही दानच होय.

शस्त्रक्रियेस दिलेल्या दानाचे सार्थक त्यानंतरच्या दहा वर्षांच्या सोबतीत आहे. ती सोबत सर्वांनी द्यावी, ही नम्र विनंती.