बारमाही पटिंग ग्रीन



गोल्फमध्ये अडीचशे यार्डांचा सणसणीत टोला आणि दोन फुटांवरून हलकेच ढकललेला चेंडू, दोन्हींचा हिशेब सारखाच धरतात: एक फटका. अठरा होलच्या मैदानाचा पार, म्हणजे अपेक्षित फटक्यांचा आकडा, ७२ असेल, तर त्यातले ३६ फटके, म्हणजे निम्मे, पटिंगचेच, म्हणजे चेंडू होलकडे हलकेच ढकलण्याचेच, धरलेले असतात. टोल्यांना मैदान लागतं. पटिंगला घरामागचं अंगण पुरतं. म्हणून अमेरिकेत बंगल्यामागे कृत्रिम हिरवळीचं पटिंग ग्रीन करून घेण्याची चाल पडली, आणि आपल्याकडेही ज्यांच्या बंगल्याला जागा आहे अशी मंडळी आता त्याबद्दल विचारू लागली आहेत.

खरं गवत का नको, हा पहिला प्रश्न. तर ग्रीनचं, म्हणजे होलभोवतीच्या पट्ट्याचं, गवत तीन-चार मिलीमीटरवर जवळजवळ रोज कापावं लागतं. क्लबकडे त्यासाठी माळ्यांचा ताफा असतो, आपल्याकडे रविवारी येणारा एक माळी. साहेबाच्या काळातही जिथे पाण्याची ओढ होती, तिथे गवताचा नाद सोडून तेल शिंपडलेल्या वाळूवर पटिंग करत आणि त्या जागेला सरळ ‘ब्राउन’ म्हणत. ते मला आजच्या पुष्कळ हौशी हिरवळींपेक्षा प्रामाणिक वाटतं.

कृत्रिम हिरवळ निवडायला गेलात की दुकानदार नमुन्यांचा ढीग पुढे टाकतो. बाल्कनीत अंथरतात ती लांब, मऊ हिरवळ इथे निरुपयोगी. आखूड, दाट, कुरळ्या तंतूंची पटिंगची वेगळी मिळते. तेवढं पाहिलं की झालं. पैसा आणि मेहनत खरी जाते ती खालच्या दगडात.

मिनेसोटा-मिशिगनकडे हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठून फुगतं आणि वरचा थर उचलतं, म्हणून तिथले लोक खाली पाणी न धरणारी खडी जाड घालतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण काळी माती आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट खडी टाकून केलेल्या ग्रीनला वर्ष-दोन वर्षांत उंचवटे येतात आणि चेंडू वाटेल तिकडे वळतो. म्हणून काळ्या मातीत फूटभर तरी खाली जावं, निम्म्या खोलीत कठीण मुरूम दाबून भरावा, त्यावर जिओटेक्स्टाइल कापड, मग बारीक-मोठी मिसळलेली खडी आणि वर ग्रीटचा थर. दोनशे चौरस फुटांना सहा इंच भरणी म्हणजे बरोबर एक ब्रास होते. पण माल दबल्यावर बसतो, तेव्हा मागवताना सव्वा ब्रास मागवा. दर थर थोडं पाणी मारून प्लेट कॉम्पॅक्टरनं बसवायचा. इथे नुसत्या धुम्मसानं भागत नाही. काही ठेकेदार सरळ कोबा करून देतात. काम दोन दिवसांत उरकतं खरं, पण पाणी खाली मुरत नाही.

आणि पाणी लहानसहान नसतं. त्याच दोनशे चौरस फुटांवर ५० मिलीमीटरचा पाऊस पडला, तर नऊशे लिटरांहून जास्त पाणी येतं. त्यातलं काही खाली जाईल, बाकीचं उतारानं बाहेर काढावं लागेल. शंभर फुटांना एक-दोन फूट एवढा ढाळ पुरतो. खेळासाठी मुद्दाम चढउतार ठेवायचे असतील तर जरूर ठेवा, सपाट ग्रीनवर शिकण्यासारखं फारसं नसतं. पण होलच्या आसपास शंभरात तीनच्या वर जाऊ नका, चुकलेला चेंडू थांबतच नाही. होल सव्वाचार इंच व्यासाचा. त्याच्या कपाखाली खडीचा छोटा शोषखड्डा हवा, नाहीतर जुलैत चेंडू पाण्यातून काढावा लागेल.

अमेरिकेतल्या माहितीपुस्तकांत आपली घूस सापडायची नाही. बागेत तिची बिळं असतील, तर खाली तारेची जाळी टाकल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हिरवळीचा रोल शक्यतो अखंड बसेल असाच आकार आखा. सांधा द्यावाच लागला, तर दोन्ही तुकड्यांच्या तंतूंचा कल एकाच दिशेला ठेवा. कडेनं खिळे मारा, वर सिलिका वाळू भरून कडक ब्रशानं आत घाला. जवळच्या खिडकीची उष्णतारोधक काच ऊन परतवून एकाच पट्ट्यावर टाकत असेल, तर तंतू वितळतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी अनवाणी पाय ठेवू नका. खऱ्या हिरवळीपेक्षा ही कितीतरी जास्त तापते. शिवाय हे अखेर प्लास्टिकच. कॅलिफोर्नियानं दुष्काळात, २०१५ साली, शहरांना कृत्रिम हिरवळीवर बंदी घालायला मनाई केली होती. २०२३ साली तो अधिकार शहरांना परत दिला. सगळं अंगण प्लास्टिकनं झाकण्याच्या मी विरोधात आहे. पटिंगपुरता तुकडा ठेवा, बाकी माती मोकळी राहू द्या.

झालेलं ग्रीन चांगलं की वाईट, हे मोजता येतं. १९३५ साली ओकमाँटच्या यू. एस. ओपनमध्ये जीन सॅराझेनचा पट ग्रीनवरून घरंगळत बंकरमध्ये गेला. प्रेक्षकांत एडवर्ड स्टिम्पसन नावाचे हौशी खेळाडू होते. ग्रीन वाजवीपेक्षा वेगवान आहे असं त्यांना वाटलं, पण ते सिद्ध कसं करायचं? त्यांनी लाकडाची एक पन्हळ बनवली. तिच्या खाचेत चेंडू ठेवून एक टोक हळूहळू उचलायचं. ठरावीक कोनाला चेंडू आपोआप सुटतो आणि किती फूट गेला ते मोजायचं. आजचा स्टिम्पमीटर तोच, फक्त अ‍ॅल्युमिनियमचा. सर्वसाधारण क्लबच्या ग्रीनवर चेंडू आठ ते दहा फूट जातो, मोठ्या स्पर्धांत बारा आणि वर.

पावसाळा संपला की घरच्या ग्रीनवर हे मोजून पाहा. तीन चेंडू एका दिशेनं, तीन उलट दिशेनं, मग सरासरी. सहाच फूट आले, तर वाळू वाढवा, बागेचा रोलर फिरवा आणि पुन्हा मोजा. तंतूंच्या कलामुळे दोन दिशांत थोडा फरक पडतोच. पण सपाट जागेवर तो दोन-तीन फुटांचा निघाला, तर वाळू आणू नका, ठेकेदाराला बोलवा. खालची भरणी खचली आहे.