वज्री कुणाची?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरातील भाषण)

आरोग्य, कायदा, शिक्षण हे विषय ठरले आणि मी म्हटलं, "मी संग्रहालयावर बोलते," तेव्हा काही जणी हसल्या. "रेशनचा प्रश्न सुटला वाटतं?" असंही एकीने विचारलं. प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी घडलं ते सांगते.

आमच्या वस्तीतल्या बारा जणींना घेऊन मी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेले. बहुतेक जणी धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि १९६२ साली संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्याला दिलं. संग्रहात वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत आणि त्यातल्या कितीतरी रोजच्या वापरातल्या: दिवे, अडकित्ते, फणी-करंडे, स्वयंपाकाची भांडी.

दारात बायका बुजल्या. "आम्हाला आत सोडतील ना?" एकीने हळूच विचारलं. आत गेल्यावर मात्र एका काचेपुढे सगळ्या थबकल्या. पाय घासायच्या धातूच्या वज्र्या, त्यावर केवढी ती नक्षी! सतत ओल्यात उभं राहून जिच्या टाचा भेगाळल्यात अशी एक म्हणाली, "पाय घासायला निवांत वेळ होता म्हणायचा बाईला!" दुसरी लगेच म्हणाली, "वेळ तिचा गं, पण अंघोळीचं पाणी कोण भरत होतं?"

मैत्रिणींनो, बाईच्या श्रमांवर आपण कितीतरी शिबिरं घेतली. हा प्रश्न इतक्या नेमकेपणाने मला कधी मांडता आला नव्हता. घरात चैन करणारी बाई आणि तिच्यासाठी पाणी वाहणारी बाई, दोघी त्या एका वस्तूत त्यांना दिसल्या. संग्रहालयातलं शिक्षण ते हेच. तिथे अक्षरओळख नसली तरी अडत नाही. उलट जिने वस्तू वापरली, तीच तिथे जाणकार ठरते. आमच्या बैठकीत वर्षभर तोंड न उघडलेल्या एक मावशी त्या दिवशी भांड्यांपुढे उभं राहून अर्धा तास बोलत होत्या. पुढच्या बैठकीपासून त्या धडाधड बोलू लागल्या असं सांगितलं तर ते खोटं होईल. पण त्यांना किती ठाऊक आहे, हे आम्ही सगळ्यांनी ऐकलं. त्यांनी स्वतःही ऐकलं.

आता आरोग्याचं. इंग्लंडमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या ६,७१० स्त्री-पुरुषांचा चौदा वर्षं मागोवा घेतला गेला. त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. संग्रहालय, नाटक, संगीत अशा ठिकाणी दर काही महिन्यांनी जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, ३१ टक्के कमी आढळला. पैसा, शिक्षण, प्रकृती यांचा हिशेब धरूनही हा फरक उरला. संग्रहालयामुळेच आयुष्य वाढतं, असं यातून सिद्ध होत नाही. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात तर २०१८ पासून डॉक्टर काही रुग्णांना कलासंग्रहालयाची मोफत भेट लिहून देऊ लागले. अंगात रक्त कमी असलेल्या बाईला लोहाच्या गोळ्यांऐवजी तिकीट द्या, असं मी अर्थातच म्हणत नाही. पण आपल्या बायकांचं डोकं दुखतं, झोप लागत नाही, जीव घाबरा होतो, तेव्हा आपण त्यांना काय सांगतो? "विश्रांती घ्या." कुठे घ्यायची? घरात काम दिसतं. नळावर, दवाखान्यात रांग. काही विकत न घेता, कुणाचं काही न करता दोन तास बसता येईल अशी जागा बाईला गावात आहे कुठे?

अशी जागा संग्रहालय होऊ शकतं. आपोआप मात्र होणार नाही. जगातल्या संग्रहालयांच्या परिषदेने २०२२ साली प्रागमध्ये नवी व्याख्या स्वीकारली. संग्रहालय सर्वांसाठी खुलं, सर्वांना सामावून घेणारं असावं आणि त्यात लोकसमूहांचा सहभाग असावा, असं ती म्हणते. मग आपणही मागू या. कष्टकरी बायकांसाठी सुट्टीच्या दिवशी मोफत प्रवेश. बसायला बाक, स्वच्छ संडास, लेकरू रडलं तर डोळे न वटारणारा पहारेकरी. आणि वस्तूखालच्या पाटीवर शतक आणि धातू यांच्या जोडीला आणखी दोन ओळी: ही घडवली कुणी, वापरली कुणी.

तोवर आपणही जमवू या. गटाची पहिली हिशेबाची वही, मोर्चातला फाटका फलक, आईची गोधडी. नाव, गाव आणि तिची हकीगत लिहून एका कपाटात ठेवू या. नाहीतर उद्या आपल्याही वस्तू काचेआड जातील आणि पाणी कोण भरत होतं, हे सांगायला कुणी नसेल.