बाणाला ‘कदाचित’ म्हणता येत नाही



अध्यक्षाने आधी आपल्या क्षेत्राचा आढावा घ्यायचा असतो. तो छापील पुस्तिकेत आहे. मला आज फक्त एका बाणाविषयी बोलायचे आहे.

माझी एक विद्यार्थिनी शोधनिबंध पाठवण्याच्या आदल्या संध्याकाळी चित्रसारांश घेऊन आली. प्रयोगशाळेत आपण सगळे ज्याला ग्राफिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हणतो, तो. डावीकडे हळकुंड, मध्ये उंदीर, उजवीकडे हसरा माणूस, आणि तिघांना जोडणारे दोन जाडजूड बाण. निबंधात पोरीने फार जपून लिहिले होते : सूज कमी झालेली आढळली, संबंध असावा. चित्रात मात्र हळद घेतली की माणूस ठणठणीत! अख्ख्या निबंधात माणूस कुठेच नव्हता. होते ते उंदीर.

‘असावे’, ‘दिसते’, ‘शक्यता नाकारता येत नाही’ अशी केवढी सोय भाषेने आपल्याला करून दिली आहे. बाणाला ती नाही. बाण हे क्रियापद आहे, आणि तेही ठाम. शिवाय एकाच बाणाचे अर्थ किती! रसायनवाल्यांनी त्याला शिस्त लावली : अभिक्रियेचा सरळ बाण, समतोलाचे उलटसुलट दोन अर्धे बाण, इलेक्ट्रॉन सरकतात तो वक्र बाण. जीवशास्त्रात ‘रोखतो’ म्हणायला टोकाला आडवी रेघ असते. बाकी आपण ‘यानंतर’, ‘यातून’ आणि ‘यामुळे’ या तिन्हींसाठी एकच बाण मारून मोकळे होतो.

२५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये वॉटसन आणि क्रिक यांच्या निबंधात डीएनएचा दुहेरी पीळ छापला गेला. तो काढला होता क्रिक यांच्या चित्रकार पत्नी ओडील यांनी. खालच्या ओळीत साफ सांगितले होते, की ही निव्वळ रेखाकृती आहे. बऱ्याच नियतकालिकांत आजच्या चित्रसारांशाला तशी ओळ जोडण्याची सोयच नसते.

आणि तो एकटाच गावभर हिंडतो. अमेरिकी शल्यचिकित्सक अँड्र्यू इब्राहिम आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ४४ निबंधांवर हे तपासले. ट्विटरवर नुसत्या शीर्षकाऐवजी चित्रसारांश दिला, तर पुढे पाठवणारे सुमारे आठपट झाले. निबंध उघडणारे पावणेतीनपट. या आकड्यांचे सगळे कौतुक करतात. मला त्यांच्यामधली फट दिसते. कितीतरी जणांसाठी चित्र हाच निबंध.

(कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून चित्रे काढून घेणाऱ्यांसाठी एवढेच : फेब्रुवारी २०२४ मध्ये अशाच यंत्राने काढलेल्या एका अचाट अवयवांच्या उंदरापायी अख्खा निबंध मागे घेतला गेला.)

माझ्या त्या विद्यार्थिनीने शेवटी माणूस पुसला. दुसरा बाण आपोआपच गेला. उरलेल्या बाणावर तिने ‘सूज कमी’ असे दोन शब्द लिहिले. “सर, आता फारच रिकामं दिसतंय.” मी म्हटले, दिसू दे, प्रयोग तेवढाच झालाय.

दुपारच्या सत्रात आपण एकमेकांची चित्रे तपासणार आहोत. एल्सव्हियर या प्रकाशनसंस्थेची अपेक्षा अशी, की चित्र ५ बाय १३ सेंटिमीटरमध्ये वाचता आले पाहिजे, म्हणजे जवळपास दहाच्या नोटेएवढ्या जागेत. त्या मापात एक प्रत छापून आणा, आणि एक काळ्यापांढऱ्यात. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे परीक्षकही असतात. निबंध मात्र बाहेरच ठेवा. चित्र शेजाऱ्याच्या हातात द्या, आणि प्रत्येक बाण तो मोठ्याने कसा वाचतो ते गप्प बसून ऐका.