आधी आढं बघा



श्रोतेहो, मला सात मिनिटं मिळाली आहेत आणि विषय दिलाय, जुनी उघड्या टपाची स्पोर्ट्‌स कार घेताना काय बघावं. इंजिनाचा आवाज ऐकावा, धूर बघावा, क्लच दाबून बघावा, हे तुम्हाला येतं. येत नसेल तर सरळगावच्या नाक्यावर गॅरेजचा कोणताही पोरगा चहाच्या बदल्यात सांगेल. मी बोलणार आहे पाण्यावर.

तुम्ही म्हणाल, शहापूर-मुरबाडात असली गाडी घेतो कोण? घेतात हो. समृद्धी महामार्गात जमिनी गेल्या, पैसे आले. पोरांनी माळशेजच्या घाटात मुंबईकरांच्या बिनछपराच्या गाड्या बघितल्या होत्या, ते मनात राहिलं होतं. माझाच भाचा घ्या. त्यानं गेल्या वर्षी एक जुनी सॅन स्टॉर्म बघितली. काही जणांना ही गाडी आठवत असेल. १९९८च्या सुमाराला गोव्यात बनायला लागली. दोन माणसांची, कापडी हुड, अंग फायबरचं, इंजिन फ्रान्सच्या रेनॉचं, १,१४९ सीसी, ताकद साधारण ६० घोड्यांची. म्हणजे शर्यतीची गाडी म्हणावी असं काही नव्हतं. पण आपल्याकडे बनलेली, टप उघडणारी, दोनच सीटची. पोराचा जीव त्यात अडकला.

मला म्हणाला, ‘मामा, इंजिन एकदम कडक आहे.’ मी म्हटलं, गाडीत बसलास तेव्हा वास कसला आला? म्हणाला, अत्तराचा. मी म्हटलं, मग चल, मी येतो.

आता माझ्या आजीचं सांगतो. लग्न जमवताना मुलाकडचं घर बघायला आजी जायची. बाकीचे ओटीवर बसून पोहे खायचे. आजी आत जाऊन आधी वर बघायची, आढ्याकडे. वाशांवर काळे ओघळ आहेत का, कोन्याखाली भिंत फुगली आहे का. आणि एखादीच भिंत नुकती चुना मारलेली दिसली की बाहेर येऊन हळूच म्हणायची, ‘इथं गळतं.’ हे अत्तर म्हणजे तोच चुना. नवीन कार्पेट हाही चुनाच. चोवीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत कोरं करकरीत कार्पेट दिसलं तर खूश होऊ नका, ते उचला.

हुड म्हणजे छप्परच आहे, मंडळी. आतल्या लोखंडी कमानी म्हणजे वासे. कापड म्हणजे कौलं. दारांच्या काचा हुडाला जिथं टेकतात तिथलं रबर म्हणजे वळचण. पन्हळ विसरू नका. हुड जिथं गाडीच्या अंगाला मिळतो तिथं पाणी उतरतं, आणि ते बाहेर जायला बऱ्याच गाड्यांना दोन्ही बाजूंना बारीक वाटा ठेवलेल्या असतात. त्यात पाला बसतो. गाडी आंब्याखाली उभी असेल तर मोहोर बसतो. वाट तुंबली की पाणी दुसरी वाट शोधतं, आणि ती तुमच्या सीटखाली जाते. घराची पन्हळ मे महिन्यात आपण न चुकता साफ करतो. गाडीची कोणी करत नाही.

एका ठिकाणी ही तुलना टिकत नाही, ते कबूल करतो. घराचं छप्पर कोणी रोज घडी करून ठेवत नाही. हुड घडीवरच झिजतो. म्हणून कापड सपाट जागी बघून उपयोग नाही, घडीवर बोट फिरवा. मागची काच प्लॅस्टिकची असेल आणि पिवळी पडली असेल, तर सकाळच्या गारव्यात हुड पाडू नका, ती तडकते. थोडं ऊन लागू द्या, काच मऊ पडली की मधे टॉवेल घालून घडी करा. ओला हुड तर घडी करायचाच नाही. भाद्रपदात ओली गोधडी पेटीत घालाल का?

तर आम्ही गेलो. मालक कल्याणकडचे, बोलायला गोड. मी म्हटलं, एक बादली पाणी द्या. ते म्हणाले, गाडी धुतलेली आहे. म्हटलं, धुवायची नाही, भिजवायची आहे. वॉशिंग सेंटरच्या पिचकारीनं नव्हे हं, त्या जोरानं चांगल्या रबरातूनही पाणी घुसेल. तांब्या-तांब्यानं, पावसासारखं, वरून. भाचा आत टॉर्च घेऊन बसला. चौथ्या तांब्याला आतून हाक आली, ‘मामा, मांडीवर!’

कार्पेट उचललं. खाली स्पंज होता, तो पिळला तर पाणी निघालं. आणि ते आमच्या तांब्याचं नव्हतं, जुनं होतं, कुजका वास मारत होतं. लोक म्हणतात, फायबरच्या गाडीला गंज कुठला? फायबरला नाही, पण सीटचे बोल्ट लोखंडाचे असतात, खालची चौकट लोखंडाची असते. फायबर फुटलं तर चटई आणि रेझिन लावून सांधता येतं, होड्यांवर काम करणारे कारागीर ते छान करतात. चौकट सडली तर तुम्ही काय सांधणार? म्हणून पुन्हा सांगतो, अंग नंतर बघा, आधी पाणी बघा. म्हशाच्या यात्रेत बैल घेताना आपण दात मोजतो, चालवून बघतो, रुमालाखाली बोटं दाबून भाव करतो. आणि चार लाखांची गाडी फोनवरच्या फोटोवरून?

बादली मागायला लाज वाटत असेल तर कागद घ्या. दार लावताना रबरात कागदाची पट्टी धरा आणि ओढा. सहज सुटली तर तिथं रबर मेलेलं आहे. गाडी घरी आणलीच असेल तर रात्री मॅटखाली वर्तमानपत्र पसरा, सकाळी कुठलं पान भिजलंय ते बघा. आणखी एक, पावसाळ्यात गाडी ताडपत्रीत गच्च बांधू नका. भाताच्या उडव्याला आपण वारा लागू देतो ना, तसंच. नाहीतर आत बुरशी, आणि बुरशीच्या मागोमाग उंदीर. म्हणजे उंदीर काही बुरशीसाठी येत नाहीत, उबेसाठी येतात, आणि वायरी कुरतडतात.

असो. कागदपत्रांचं पटकन. पंधरा वर्षांपुढच्या खासगी गाडीची नोंदणी पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, ती वाढवलेली आहे का बघा. चासीवरचा आकडा आरसी बुकाशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघा. २९ आणि ३० नंबरच्या अर्जांवर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

भाच्यानं गाडी घेतली का? घेतली. तांब्यानंतर मालकांचा भाव बराच खाली आला, तेवढ्या पैशांत हुड नवा शिवून झाला. उल्हासनगरच्या एका कारागिरानं जुन्या कापडाचे टाके उसवून त्यावरूनच माप घेतलं. पन्हळी मी स्वतः सायकलच्या ब्रेकची तार घालून मोकळ्या केल्या. हळू घालायची, नळी फाटता कामा नये. इंजिनाचे काही भाग मात्र बाहेरून मागवावे लागले, त्यात सहा महिने गाडी शेणींच्या माचाशेजारी उभी.

आणि पाणी फक्त वरून येत नाही, हे सांगायचं राहिलंच. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली की टाकीच्या तळाशी पाणी बसू शकतं, आणि त्या काळच्या गाड्यांच्या रबरी नळ्या या पेट्रोलसाठी केलेल्याच नव्हत्या. त्या नळ्या बदलताना एक काळजी…

स्टुडिओच्या काचेपलीकडून ताई हात करतायत. बरं. मृग लागायला पंधरा दिवस आहेत, घर शाकारून झालं असेल तर गाडीच्या पन्हळीत एकदा बोट घाला. आणि कोणाकडे गाडी बघायला निघालात तर बादली तिथं मिळेलच असं नाही, आपली घरूनच… हो, हो, थांबतो.